दुसरा ब्रेक

मंगळवार

निघालो एकदाचा. बायको दारापर्यंत सोडायला आली, त्याच्या पुढे नाही. काल रात्रीपर्यंत तिला विचारत होतो, चल म्हणून. ताईला भेटून किती दिवस झाले, वाटेत तुझाही हवापालट होईल. तर म्हणे, माझा गुडघा दुखतोय, इतका वेळ बसवणार नाही. हीच बाई परवा गाद्या उन्हात टाकायला गच्चीवर वर-खाली करत होती. हल्ली तिचा गुडघा माझी गाडी दिसली की दुखतो. लेकीच्या गाडीत बसून बाजारात जाताना तो ठणठणीत असतो.

लेकीचं म्हणणं, मी आता गाडी चालवू नये. कोण म्हणतंय हे? जिला स्टिअरिंग धरायला मी शिकवलं ती. गावातली निम्मी माणसं माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधून बाहेर पडलीत. डॉक्टर, वकील, फौजदार, सगळे माझ्या शेजारी बसून घाम पुसत शिकलेत. मी स्कूल उभं केलं, लेकीच्या हातात दिलं, आणि तिनं काय केलं? उन्हाळ्यात एके सकाळी म्हणाली, बाबा, उद्यापासून विद्यार्थी मी घेईन, तुम्ही आराम करा. कारण विचारलं तर गेल्या वर्षीचा फाटकाचा खांब उकरून काढला. खांबाला गाडी घासली हे खरं. पण तो खांब मुळात गवंड्यानं वीतभर आत बांधलाय, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. म्हणे डोळे तपासून घ्या. मी म्हटलं, तू घे तुझे तपासून. मग गप्प बसली.

तेव्हा ठरवलं. ताईकडे जायचं, एकट्यानं, तीन दिवसांचा रस्ता. तिच्या दारात स्वतःच्या हातानं गाडी उभी करायची, तिथून लेकीला फोन लावायचा आणि म्हणायचं, घे, आत्याशी बोल. बस्स. मग बघू पुढच्या महिन्यापासून विद्यार्थी कोण घेतं ते.

स्कूलची जुनी गाडी घेतली. नव्या गाड्यांच्या किल्ल्या लेक उशाशी घेऊन झोपते. या म्हातारीला कोणी हात लावेल असं तिच्या डोक्यातही आलं नसणार.

पेट्रोल भरायला थांबलो. तो पंप ज्यानं बांधला त्याचा सत्कार करायला हवा. हवा भरायचं यंत्र असं वाटेत आणून ठेवलंय की कुणीही आपटावं. डावा आरसा दुमडला गेला, काचेला चीर पडली. पंपावरचा माणूस धावत आला. म्हणाला, "काका, दिसलं नाही का?" म्हटलं, "मला दिसतं. तुम्हाला वस्तू कुठे ठेवायची ते कळत नाही." तो यंत्राकडे बघत उभा राहिला, जणू ते त्याला आज पहिल्यांदाच दिसत होतं.

बुधवार

आजचा दिवस मूर्खांच्या नावानं.

आधी एक सायकलवाला. रस्ता मोकळा, मी माझ्या गतीनं चाललेलो, आणि हा जमिनीतून उगवल्यासारखा अचानक गाडीच्या अंगाशी. सायकलसकट कडेच्या चरात उतरला आणि उभा राहून हात नाचवायला लागला. मी थांबून त्याला समजावलं की बाबा रे, रस्त्यावर यायचं तर आधी बघून यावं. तर म्हणाला, "मी केव्हापासून रस्त्यावरच आहे." वाद घालण्यात अर्थ नव्हता. हेल्मेट मात्र होतं डोक्यावर. आत काय होतं देव जाणे.

मग एक मोटारवाला. डावीकडून ओव्हरटेक करणारी जी जात आहे ना, तिला मी माझ्या स्कूलच्या पायरीवरही उभं केलं नसतं. केव्हा आला कळलंच नाही, एकदम कानाशी हॉर्न. पुढे जाऊन थांबला, उतरला, माझ्या गाडीवरची पाटी वाचली आणि हसला. म्हणाला, "तुम्ही शिकवता?" मी काच वर केली. अशांच्या नादी लागलं की आपलंच तोंड दुखतं.

जेवायला थांबलो तिथल्या वेटरनं पाण्याचा ग्लास अशा बेतानं ठेवला की माझं कोपर लागून सगळं पाणी शेजारच्या माणसाच्या मांडीवर. तो माणूस बिचारा काही बोलला नाही. वेटर मात्र मलाच सांगतो, "इथे तर ठेवला होता, तुमच्यासमोर." समोर म्हणजे काय हेही आता शिकवावं लागणार.

अंधार पडायच्या आत लॉजवर आलो. अंधारात मी चालवत नाही. घाबरतो म्हणून नव्हे. समोरून येणाऱ्यांचे दिवे कोणी धड बसवलेले नसतात, सगळा रस्ता पांढराफटक होतो. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी लोकांना दिवे बसवायची अक्कल होती.

बायकोचा फोन आला. जेवलात का, औषध घेतलंत का. मग मागून लेकीनं फोन ओढून घेतला. "बाबा, कुठे आहात ते सांगा. आहात तिथेच थांबा, मी येते." म्हटलं, मी काय हरवलेलं पोर आहे? आणि ठेवून दिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला, उचलला नाही.

गुरुवार, उजेड आहे तोवर

आज माझा मुक्काम तंबूत आहे. हे लिहिताना मलाच माझी कीव येतेय.

शहराकडे वळायचा रस्ता चुकला. फाटा कुठे होता तर म्हणे मागे, डाव्या हाताला, मोठी पाटी आहे. पाटी लावायची तर लोकांना दिसेल अशी लावावी एवढं साधं आहे. तोवर ऊन कलायला लागलं. पुढे तळ्याकाठी हे मैदान लागलं. शहरातली माणसं इथे येऊन तंबू ठोकून राहतात आणि त्याला सुट्टी म्हणतात. त्याचंही फाटक मी दोनदा ओलांडून गेलो. तिसऱ्या खेपेला आतला माणूस रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला तेव्हा सापडलं.

हा इथला मॅनेजर. अंगात केशरी जाकीट. असं तसं केशरी नाही, आंधळ्यालाही कळावं माणूस कुठे उभा आहे असलं भडक. त्यावर पांढरे चमकते पट्टे. दिवसाढवळ्या, मोकळ्या मैदानात. म्हटलं, विमानं उतरवतोस का? तर म्हणाला, "काका, लोक गाड्या कशाही आणतात. परवा एकानं मला जवळजवळ उडवलंच." म्हटलं, कोणाकडे शिकला होता विचारायचं. त्याला विनोद कळला नाही. मग मला नियम सांगायला लागला. गाडी आखलेल्या वाटेवरूनच न्यायची, वेग पायी चालण्याइतका ठेवायचा. मला वेग शिकवतोय. मी ऐकून घेतलं, कारण तंबू भाड्यानं देणारा तोच आहे.

आणि इथली माणसं. डोक्यावर चांगलं छप्पर असताना ते सोडून जमिनीवर निजायला येतात, आणि येताना खुर्च्या, टेबलं, पंखे, उशा, गाणी लावायचा डबा, सगळं बरोबर आणतात. एका कुटुंबानं तर तंबूच्या दारात पायपुसणं टाकलंय. त्यावर पाय पुसून ते गवतात उतरतात.

माझ्या शेजारी कुठल्याशा ऑफिसची टोळी आहे. सगळ्यांना सारख्या निळ्या टोप्या. साहेबानं त्यांना निसर्गात आणलंय, एकमेकांवर विश्वास वाढावा म्हणून. मी आलो तेव्हा गोल करून, डोळे मिटून, पानांचा आवाज ऐकत बसले होते. वारा पडलेला होता, पानं हलत नव्हती. तरी सगळे माना डोलावत होते. पगार चालू असला की माणसाला काहीही ऐकू येतं.

त्यांच्यातली एक बाई, टोपीवाली म्हणतो मी तिला, तिच्या तंबूची दोरी माझ्या पायात आली आणि मी उताणा पडता पडता राहिलो. धावत आली. "लागलं का काका? मी पिवळी रिबीन बांधली होती हो दोरीला." बांधली होती खरी. पण रिबीन बांधून दोरी थोडीच दूर जाते.

मग बोलत बसली. असल्या माणसांना गप्प बसणं कोणी शिकवलेलं नसतं. माझ्या गाडीवरची पाटी बघून म्हणाली, "मी तीनदा नापास झालेय, काका. तिसऱ्या वेळी तर गाडी सुरूच झाली नाही, मी रडायला लागले." म्हटलं, तुमच्या गुरूलाच आधी नापास करायला हवं होतं. तिला मी शिकवण्याचं मर्म सांगितलं. नवा माणूस फक्त समोर बघतो, तेवढंच त्याच्यानं होतं. बाकी सगळं शेजारी बसलेला बघतो. डावीकडून कोण येतंय, कोण रस्त्यात उतरायच्या बेतात आहे, कुठलं पोर बापाचा हात सोडवून घेतंय. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, पण गाडी चालवतो मास्तर. माझ्या गाडीनं आजवर एका माणसाला ओरखडा काढलेला नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडे शिकायला हवं होतं." ते तर झालंच.

तंबूत शिरलो. उशीच्या अभ्र्यात शिरल्यासारखं वाटतं. असो. उद्या दुपारच्या आत ताईचं गाव.

शुक्रवार, सकाळ

मी अजून इथेच आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झालाय, अक्षर वाकडं येतंय, तरी लिहितो, कारण जे झालं ते जसंच्या तसं कुठेतरी असायला हवं.

टोपीवालीला ऑफिसनंच परत बोलावलं. विश्वास वाढवायला आणलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायला सांगितलं, यातच सगळं आलं. तिला शहरातून बस पकडायची होती. मॅनेजर म्हणाला, काका, तुमच्या वाटेवर आहे, सोडाल का? मी हो म्हटलं. माझ्या शेजारी डावीकडे बसली. तिच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे हे तिला आधीच बजावलं. शिकवायच्या गाडीत तो असतो, मास्तरच्या पायाखाली, विद्यार्थ्यानं घोळ घातला तर गाडी थांबवायला. म्हटलं, त्याला चुकूनही पाय लावायचा नाही, पाय इकडे आखडून बसा. ती बिचारी पाय जवळ घेऊन पिशवी मांडीवर धरून बसली.

आखलेल्या वाटेनं, पायी चालण्याइतक्या वेगानं, फाटकाशी आलो. साखळी काढलेली होती. मी उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा. डावीकडे वळायला घेतलं आणि त्या बाईनं ब्रेकवर पाय मारला.

सगळं आयुष्य मी त्या ब्रेकवर पाय ठेवून बसलोय. माझ्यावर तो आजवर कोणी मारला नव्हता. गाडी गचकन थांबली, माझं कपाळ स्टिअरिंगवर आलं. मी तोंडाला येईल ते बोललो तिला. तीनदा नापास झालेली बाई, रडूबाई, तुझी हिंमत कशी झाली. ती नुसती पुढे बघत होती, तोंड पांढरं पडलेलं, पाय तसाच ब्रेकवर दाबलेला.

मग बॉनेटच्या डाव्या अंगाकडून मॅनेजर सरळ उभा राहिला. हातात साखळी, दुसरा हात बॉनेटवर टेकलेला.

मी उतरलो आणि त्याला धारेवर धरलं. असा एकदम पुढ्यात उडी मारतोस? म्हणाला, "उडी कुठे, काका. मी साखळी धरून इथेच उभा होतो. तुम्हाला हात करत होतो, थांबा म्हणून. तुम्ही वळायला लागलात तेव्हा मागे सरायला जागाच नव्हती, म्हणून खाली बसलो."

जाकीट होतंच अंगात.

लोक गोळा झाले. निळ्या टोप्या, पायपुसणंवाले, सगळे. टोपीवालीची बस गेली असणार. माझ्याकडे सगळे असे बघतायत की जणू मीच काही केलंय. ठीक आहे. यांना दाखवतोच आता. आमच्याकडे नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी त्याची नजर तपासायची माझी एक रीत आहे. स्टुलावर बसवायचं, समोर बघ म्हणायचं, आणि मी मागून हळूहळू बाजूनं पुढे यायचं. दिसलो की त्यानं बोलायचं. त्यात जो चुकला त्याला मी सरळ घरी पाठवतो. तीच परीक्षा सगळ्यांसमोर देतो. मग हा मॅनेजर माझी माफी मागेल.

शुक्रवार, दुपार

त्यांनी मैदानाच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची ठेवली. समोर पाण्याची टाकी. मी बसलो, टाकीवर नजर लावली आणि मॅनेजरला म्हटलं, चल, आधी उजवीकडून. तो माझ्या खांद्यामागून निघाला, खांद्याच्या रेषेत आला नाही तोच मी म्हटलं, दिसला. लोकांकडे बघितलं सुद्धा नाही, एवढी खात्री होती.

मग डावीकडून. म्हटलं, चल.

टाकीवर पाखरू बसलं होतं, ते उडालं. मी वाट बघत होतो. म्हटलं, अरे चल ना, मुहूर्त बघतोस का? तो म्हणाला, "चालतोय, काका." आवाज खांद्यामागून यायला हवा होता, पुढून आला. मला वाटलं हा गंमत करतोय. म्हटलं, हळू म्हणजे इतकं हळू नाही. कोणी हसलं नाही. मागे त्या टोळीत कोणीतरी "अरे बापरे" म्हणालं, तेही दबक्या आवाजात. आणि मग टाकीच्या अगदी जवळ, जिथे तो असणं शक्यच नव्हतं तिथे, एकदम केशरी आलं. आलं म्हणजे हळूहळू नाही. आधी नव्हतं, मग होतं.

मी पुन्हा करायला लावलं. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी म्हटलं, तू चालूच नको, जिथे आहेस तिथेच हात हलव. तो म्हणाला, "हलवतोय." टोपीवाली माझ्या खुर्चीशी येऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "काका, उजव्या डोळ्यावर हात ठेवून बघा बरं एकदा." इतक्या वर्षांत शेकड्यांनी माणसं तपासली, एक डोळा झाकायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. दोन्ही उघडे ठेवूनच गाडी चालवतात ना.

ठेवला हात. टाकीचा मधला एक तुकडा दिसत होता, पाइपातून बघावा तसा. बाकी काही नाही. काळं सुद्धा नाही. मैदान, तंबू, ती माणसं, तळं, काही म्हणजे काहीच नाही. हात काढला तर सगळं जागच्या जागी.

मी कोणाची माफी मागितली नाही. मागायला हवी होती, मॅनेजरची आणि त्या बाईची, हे मला कळत होतं, पण तोंड उघडेना. मॅनेजरनं खुर्ची उचलली नाही, मला बसू दिलं. लोक पांगले. कधी नव्हे ते या माणसांना गप्प बसता आलं.

भीती वाटतेय. सायकलवाला चरात उतरला होता. उतरला नसता तर.

शुक्रवार, संध्याकाळ

लेकीला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

म्हटलं, "मी तळ्याकाठी एका मैदानात आहे. तंबूत."

"बरे आहात ना?"

"मला काही झालेलं नाही. कोणालाच काही झालेलं नाही." मग म्हटलं, "तू ये. मला गाडी चालवता येणार नाही."

 मला वाटलं आता बोलेल, सांगितलं होतं ना बाबा. बोलली असती तर मी निदान भांडलो असतो. ती म्हणाली, "गाडी आहे तिथेच राहू द्या. रात्रीच्या बसनं निघते. जेवून घ्या."

टोपीवाली रिक्षा मागवून गेली. जाताना टोपी हातात होती. म्हणाली, "काका, मी पाय मारला तेव्हा मला वाटलं, चुकीचंच करतेय. मला नेहमी तसंच वाटतं." मी म्हटलं, बरोबर केलंत. एवढंच जमलं मला.

शनिवार

दिवसभर वाट बघितली. तंबूत बसवत नाही, बाहेर बसलं तर लोक चहा आणून देतात. दया करणाऱ्या माणसांइतकी त्रासदायक जात दुसरी नाही. चहाही पाणचट.

बसल्या बसल्या एकेक हिशेब डोक्यात लागतोय आणि तो थांबवता येत नाही. पंपावरचं ते यंत्र, डावीकडून आलेला मोटारवाला, पाण्याचा ग्लास. दोरीला रिबीन होती, मी ती नंतर बघितली. फाटकाचा खांब गवंड्यानं बरोबरच बांधला असेल. पण हे सगळं किरकोळ. दुसरं एक आहे ते लिहवत नाही.

दुपार उलटल्यावर लेक आली. मॅनेजर तिला फाट्यावरून मोटारसायकलवर घेऊन आला. ती उतरली, माझ्याकडे बघितलं, मग गाडीभोवती एक फेरी मारली. चिरलेला आरसा, दारावरचा ओरखडा, तो कुठला ते मलाही ठाऊक नाही, सगळं बघितलं.  सीट पुढे घेतली, आरसे लावले. मी नेहमीच्या सवयीनं शेजारी जाऊन बसलो. म्हणाली, "घरी की आत्याकडे?"

म्हटलं, "आत्याकडे. निघालोच आहे तर."

मॅनेजर साखळी धरून उभा होता. आता मी मान पूर्ण वळवून त्याच्याकडे बघितलं. हात केला. त्यानंही केला. जाकीट इतकं भडक आहे की डोळ्यांत पाणी यावं.

रविवार, ताईकडे

काल अंधार पडायच्या आत पोचलो. लेक गाडी चांगली चालवते. गिअर अजून जरा उशिरा टाकते, हजार वेळा सांगितलंय, आणि वळणावर उगाच दोन्ही हात आवळून धरते. पण चांगली चालवते.

 माझे पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर होते. मी ते काढून सीटखाली घेतले. शेवटी शहर मागे पडल्यावर तिला विचारलं. दिवसभर जे लिहवत नव्हतं ते.

म्हटलं, मी शेवटी शेवटी शिकवली ती माणसं. ती शिंपीण, तो लांब केसांचा कॉलेजवाला, औषधाच्या दुकानातला तो जाडा. त्यांना घेऊन मी रोज बाजारातून जायचो. शाळा सुटायच्या वेळी शाळेवरून जायचो, मुद्दाम, गर्दीची सवय व्हावी म्हणून. ते सगळे समोर बघायचे. डावीकडचं मी बघायचो. डावीकडचं बघायला दुसरं कोणी नव्हतंच गाडीत. म्हटलं, इतक्या दिवसांत कोणाला काही झालं कसं नाही?

ती समोर बघत चालवत होती. म्हणाली, "मी असायचे ना, बाबा."

"कुठे असायचीस?"

"स्कूटरवर. तो खांब लागला तेव्हापासून. तुमचा विद्यार्थी आला की मी तुमच्या मागून निघायचे. गर्दीत शिरलात की पुढे येऊन गाडीच्या डाव्या बाजूला राहायचे. पोरं असली की हॉर्न वाजवायचे, हात करून लोकांना मागे सारायचे. आईला माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत का? मग एकदा शाळेजवळ एक मुलगी गाडीखाली येता येता माझ्या हाताला लागली म्हणून वाचली, त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तुमचं शिकवणं बंद केलं."

 ताईचं घर आलं. ताई म्हणाली, काय रे, इतका गप्प, प्रवास बाधला का? म्हटलं, हो.

आता लेक आत आत्याशी बोलतेय, तिचा आवाज इथपर्यंत येतोय. उद्या ती मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे आणि मी जाणार आहे.

ती स्कूटर मला आठवते. दिसली कधीच नाही, पण आठवते. बाजारात शिरलं की रोज डावीकडून कोणीतरी हॉर्न बडवत यायचं, अगदी गाडीला चिकटून, थांबायचं नाव नाही. मला त्याचा राग यायचा. मी शिकणाऱ्याला म्हणायचो, ऐकतोयस ना, हा जो कोण बिनडोक आहे, तो कसा चालवतो ते लक्षात ठेव, आणि जन्मात कधी तसं चालवू नकोस.